खाण तशी माती?



‘खाण तशी माती’ ही म्हण आपण सगळेच वापरतो. कोणाचा मुलगा गुणी निघाला की कौतुकाने वापरतो, आणि बिघडला की त्याहून जास्त हौसेने वापरतो. मीही ती वापरली आहे. कोठे वापरली ते आधी सांगतो, कारण आजच्या भाषणाचा विषय मला तेथूनच सुचला.

मी तालुक्याच्या गावी कॉलेजात मानसशास्त्र शिकवतो. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता. हजेरीत नाव पुकारले तरी तो दचकायचा. मागून कोणी खांद्यावर हात ठेवला तर अंग चोरायचा. बाक जरा जोरात सरकला की याचा चेहरा उतरलाच म्हणून समजा. बुद्धीने मंद नव्हता, परंतु परीक्षेच्या दिवशी हातपाय गळायचे. वडील दारू पीत, घरात मारहाण असे, हे गावात सर्वांना ठाऊक होते. एकदा आम्हा शिक्षकांच्या खोलीत त्याचा विषय निघाला, तेव्हा चहाचा घोट घेता घेता मी म्हणालो, “अहो, खाण तशी माती. आपण काय करणार?” सर्वांनी माना डोलावल्या आणि विषय संपला.

विषय संपवणे हेच त्या म्हणीचे काम आहे. ती एकदा उच्चारली की पुढे कोणालाच काही करायला नको. पण ती खरी आहे का? माणसाचा भित्रेपणा, त्याची सततची धास्ती, त्याचे खचून जाणे हे रक्तातून येते की घरातून? आणि घरातून येत असेल, तर घरातले दुःख माणसाच्या शरीरात शिरते तरी कोणत्या वाटेने? ही वाट शोधण्यात ज्यांनी आयुष्याची कित्येक वर्षे घालवली अशा एका शास्त्रज्ञाची हकिकत आज मी आपल्याला सांगणार आहे. त्यांचे नाव मायकेल मीनी. कॅनडा देशातील माँट्रियल शहरातल्या मॅक्‌गिल विद्यापीठात त्यांनी हे काम केले, आणि केले ते उंदरांवर. उंदीर म्हटल्यावर हसू नका. त्या उंदरांनी आपल्या म्हणीची परीक्षा घेतली आहे.

आधी ताण म्हणजे काय ते पाहू. हा शब्द आता घरोघरी झाला आहे. शाळेतला मुलगाही म्हणतो, “मला टेन्शन आलंय.” या शब्दाला वैद्यकात स्थान मिळवून दिले ते हान्स सेली या शास्त्रज्ञाने, आणि तेही याच माँट्रियल शहरात. १९३६ साली ‘नेचर’ या नियतकालिकात त्यांनी एक लहानसे टिपण प्रसिद्ध केले. उंदरांना थंडीत ठेवा, इजा करा, बेसुमार पळवा, नाना औषधांनी बेजार करा. त्रास कोणताही असो, त्यांचे शरीर एकाच साच्याने उत्तर देते, असे त्यांना आढळले. दर वेळी मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या दोन छोट्या ग्रंथी सुजून मोठ्या व्हायच्या आणि पोटात जखमा पडायच्या.

या ग्रंथी करतात काय? संकट आले की मेंदूकडून त्यांना निरोप जातो आणि त्या रक्तात एक द्रव्य सोडतात. माणसात त्याला कॉर्टिसॉल म्हणतात. उंदरात त्याचाच एक भाऊबंद असतो. या द्रव्यामुळे रक्तात साखर वाढते, अंगात बळ येते, माणूस पळायला किंवा लढायला सिद्ध होतो. म्हणजे ताण हा मुळात शत्रू नव्हे. समोर बिबट्या आला असता ज्याला ताण येत नाही तो घरी परत येत नाही.

पण बिबट्या निघून गेल्यावर हे थांबायला हवे. ते कसे थांबते? तुम्ही रात्री पिकाला पाणी देता तेव्हा काय करता ते आठवा. विहिरीवर पंप चालू असतो. शेतात एक गडी दारे धरून उभा असतो. वाफा भरला की तो ओरडतो, “बस्स, बंद करा!” आणि पंप बंद होतो. आपल्या मेंदूतही असाच दारे धरणारा गडी आहे. कानाच्या बाजूला, आत खोलवर हिप्पोकॅम्पस नावाचा भाग आहे. आठवणी साठवण्याशी त्याचा मोठा संबंध. रक्तातले कॉर्टिसॉल पुरेसे झाले हे ओळखायला त्याच्या पेशींत विशिष्ट ग्राही असतात. त्यांना आपण त्या गड्याचे कान म्हणू. कान भरपूर असले की इशारा लवकर जातो आणि पंप वेळेवर बंद होतो. कान कमी असले तर गडी बहिरा. पाणी वाहतच राहते. आणि पाणी जास्त झाले की पीक पिवळे पडते, हे मी शेतकऱ्यांना सांगायला नको. अंगात कॉर्टिसॉल दीर्घकाळ वाहत राहिले की झोप बिघडते, रक्तदाब वाढतो, आठवण मंदावते, आणि खिन्नतेच्या व धास्तीच्या विकारांना जमीन तयार होते.

आता मुद्दा असा, की कोणाच्या गड्याला कान जास्त आणि कोणाच्या गड्याला कमी, हे ठरते कशावर?

१९५७ साली अमेरिकेत सेमूर लेव्हाइन यांनी एक चमत्कारिक गोष्ट नोंदवली होती. उंदराची नवजात पिले रोज काही मिनिटे आईपासून उचलून बाजूला ठेवली आणि परत घरट्यात सोडली, तर ती मोठेपणी जास्त धीट होतात. कोणालाही वाटेल की उलट व्हायला हवे. पुढे ध्यानात आले की किल्ली पिलांपाशी नसून आईपाशी आहे. पिलू परत आले की आई त्याला अधिक चाटते, अधिक गोंजारते.

मीनी यांनी हाच धागा पकडला. त्यांच्या सहकाऱ्यांनी माद्यांच्या पिंजऱ्यांपुढे बसून, बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यात कोणती आई आपल्या पिलांना किती वेळा चाटते याची तासन्‌तास नोंद केली. काम कंटाळवाणे होते, पण त्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. काही आया पिलांना फार चाटतात, काही बेताचे. दूध दोघीही पाजतात. कोणी पिलांना टाकून देत नाही. फरक आहे तो फक्त जिभेने गोंजारण्याचा. पिले मोठी झाल्यावर त्यांना वीस मिनिटे अरुंद जागेत अडकवून ठेवले आणि रक्त तपासले. ज्यांना आईने पुष्कळ चाटले होते त्यांच्या रक्तात ताणाचे द्रव्य कमी चढले. त्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये त्या कानांची, म्हणजे ग्राहींची, निर्मितीही जास्त होती. हे संशोधन १९९७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

येथे आपल्यातला एखादा चतुर श्रोता म्हणेल, “त्यात काय मोठंसं? शांत आईची पिलं शांत. खाण तशी माती!” शंका रास्त आहे. आई शांत म्हणून ती जास्त चाटत असेल, आणि तिचा शांतपणा पिलांत रक्तावाटे उतरला असेल. चाटण्याचा काही संबंधच नसेल.

ही शंका शास्त्रज्ञांनाही आली, आणि ती फेडण्याचा सरळ मार्ग त्यांनी काढला. त्यांनी पिलांची अदलाबदल केली. कमी चाटणाऱ्या आईच्या पोटची पिले जन्मल्यावर काही तासांतच जास्त चाटणाऱ्या आईच्या कुशीत ठेवली, आणि तिची हिच्याकडे. देवकीची यशोदेकडे, यशोदेची देवकीकडे असेच म्हणा ना. मग वाट पाहिली. पिले मोठी झाली, तेव्हा ती जन्म देणारीसारखी झाली नाहीत, वाढवणारीसारखी झाली. भित्र्या घराण्यातले पिलू यशोदेच्या जिभेखाली धीट झाले. एवढेच नाही, तर त्यांतल्या माद्या पुढे स्वतः आया झाल्या तेव्हा त्यांनीही आपल्या पिलांना भरपूर चाटले. १९९९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली गोष्ट दिसली की आपण म्हणतो, रक्तातच आहे. येथे गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या चालली, पण रक्ताने चालली नाही. ती कुशीतून कुशीत गेली.

तरीही एक कोडे उरले. चाटणे तर पहिल्या आठवड्यातले. मग त्याचा परिणाम जन्मभर कसा टिकला? शरीराने ती आठवण कोठे लिहून ठेवली?

या जागी आपल्याला जनुकांकडे वळले पाहिजे. आपल्या प्रत्येक पेशीत डीएनए नावाचा लांबच लांब धागा असतो. त्यावर जनुके असतात, म्हणजे शरीर घडवण्याच्या सूचना. माणसात प्रथिने तयार करण्याच्या अशा सूचना सुमारे २०,००० आहेत. गंमत अशी की डोळ्याच्या पेशीत आणि पायाच्या कातडीच्या पेशीत हा ग्रंथ अगदी एकच आहे. मग डोळा पायासारखा का होत नाही? कारण प्रत्येक पेशी सगळा ग्रंथ वाचीत नाही. काही पाने उघडी असतात, काही चिकटवून टाकलेली असतात. चिकटलेल्या पानावरचा मजकूर पुसला गेलेला नसतो. फक्त तो वाचता येत नाही. हे चिकटवण्याचे एक साधन म्हणजे मिथाइल नावाचा अगदी छोटा रासायनिक गट. तो जनुकाच्या सुरुवातीला जाऊन चिकटला की बहुधा ते जनुक मुके होते. या चिकटवण्या-उघडण्याच्या अभ्यासाला एपिजेनेटिक्स म्हणतात. ‘एपि’ म्हणजे ‘वर’. जनुकांच्या वरचे शास्त्र. हा शब्द वॉडिंग्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९४२ साली रूढ केला. मिथाइलची गोष्ट मात्र पुढे बऱ्याच वर्षांनी उलगडली.

याचे एक सुंदर उदाहरण आपल्या झाडावरच्या पोळ्यात आहे. राणीमाशी आणि कामकरी माशी यांच्या अळ्या एकाच प्रकारच्या अंड्यांतून निघतात. जिला शेवटपर्यंत रॉयल जेली हे खास पांढरे अन्न मिळते ती राणी होते. कित्येक वर्षे जगते आणि हजारो अंडी घालते. बाकीच्या मध गोळा करता करता काही आठवड्यांत झिजून जातात. २००८ साली ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी अळ्यांमधले मिथाइल चिकटवण्याचे यंत्रच मंद केले, तेव्हा बहुतेक अळ्या राण्या झाल्या. ग्रंथ तोच, वाचन निराळे.

मॅक्‌गिल विद्यापीठातच मोशे झीफ नावाचे शास्त्रज्ञ या मिथाइलचे जाणकार होते. मीनी उंदरांचे जाणकार. दोघांनी हात मिळवले आणि त्यांच्या गटाने २००४ साली एक निबंध प्रसिद्ध केला, जो पुढे जगभर गाजला. त्यांनी त्या कानांचे, म्हणजे ग्राही बनवणारे, जनुक तपासले. जन्मानंतरच्या पहिल्या दिवशी सर्वच पिलांत या जनुकाच्या एका मोक्याच्या जागी मिथाइल चिकटलेले होते. पुढच्या पाचसहा दिवसांत, म्हणजे नेमक्या चाटण्याच्या काळात, जास्त चाटल्या गेलेल्या पिलांत ते निघून गेले. कमी चाटल्या गेलेल्यांत ते तसेच राहिले, आणि मोठेपणीही तेथेच होते. आईची जीभ पिलाच्या अंगावरून फिरत होती, आणि इकडे मेंदूत खोलवर एक चिकटलेले पान सुटत होते!

याच निबंधात आणखी एक गोष्ट होती आणि मला ती सर्वांत मोलाची वाटते. ‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ अशी आपली दुसरी एक म्हण आहे. या शास्त्रज्ञांनी कमी चाटले गेलेले, भित्रे, वाढ पूर्ण झालेले उंदीर घेतले आणि त्यांच्या मेंदूत चिकटलेली पाने सैल करणारे एक रसायन सोडले. मिथाइल कमी झाले, कान वाढले, आणि ताणाच्या प्रसंगी ते उंदीर इतरांसारखे वागू लागले. खोड गेली, आणि उंदीर जिवंत होता. पुढच्याच वर्षी त्यांनी उलट प्रयोग करून दाखवला. दुसरे एक द्रव्य मेंदूत सोडल्यावर धीट उंदीर भित्रे झाले. म्हणजे ही खूण घट्ट खरी, पण दगडावरची रेघ नव्हे.

मंडळी, येथे मला थोडे सावध केले पाहिजे, स्वतःला आणि आपल्यालाही. उंदीर म्हणजे माणूस नव्हे. ते रसायन थेट मेंदूत सोडलेले होते; माणसासाठी ते औषध नाही. कोणी तुम्हाला जनुके सुधारण्याची पुडी किंवा बाटली विकायला आला, तर त्याला दारातूनच परत पाठवा.

मग माणसाबद्दल काय ठाऊक आहे? २००९ साली याच गटाने, कॅनडातील क्वेबेक प्रांतात मरणोत्तर जतन केलेल्या मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. तीन गट केले, प्रत्येकात १२ माणसे. पहिल्या गटात बालपणी अत्याचार सोसलेले आणि पुढे आत्महत्या केलेले. दुसऱ्यात आत्महत्या केलेले, परंतु बालपणी तसा अत्याचार न झालेले. तिसऱ्यात अन्य कारणांनी अचानक मृत्यू आलेले. बालपणी छळ सोसलेल्यांच्या मेंदूत त्याच जनुकावर मिथाइल जास्त आढळले आणि त्या जनुकाचे काम कमी. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटात तसे नव्हते. याचा अर्थ ही खूण मरणाची नव्हती. बालपणातल्या छळाची होती. माणसे थोडी होती, आणि मेलेल्या माणसाचा मेंदू पाहून आधी काय झाले नि मागून काय, हे खात्रीने सांगता येत नाही. पण उंदरांत दिसलेली वाट माणसातही असावी, एवढे त्यातून सूचित झाले.

आणखी एक समज दूर केला पाहिजे. आजकाल कोणी कोणी सांगतात की आजा-पणजांचे दुःख जनुकांवर लिहिले जाऊन नातवंडांत उतरते. माणसाच्या बाबतीत हे सिद्ध झालेले नाही. बीज आणि गर्भ तयार होताना यांतल्या बहुतेक खुणा पुसल्या जातात. निसर्ग बहुतांशी पाटी कोरी करूनच नव्या जिवाच्या हातात देतो. तिच्यावर पुन्हा तेच लिहिले जाते ते अनेकदा घर तेच असते म्हणून.

जनुकांना काहीच महत्त्व नाही असेही मी म्हणत नाही. स्किझोफ्रेनियासारख्या विकारांत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. परंतु तेथेसुद्धा, अगदी एकसारख्या जुळ्या भावांपैकी एकाला विकार झाला तर दुसऱ्याला तो होण्याचा संभव निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून कमीच असतो. बियाणे एक असले तरी रान, पाणी आणि हंगाम यांचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. हे सगळे ऐकून कोणी माउली घरात बसल्या बसल्या मनाशी म्हणत असेल, “म्हणजे माझंच चुकलं. मीच लेकराला जवळ घेतलं नाही.” किंवा कोणी सासू सुनेला म्हणेल, “बघ, रेडिओवरसुद्धा सांगतात, पोर तुझ्यामुळं असं झालं!” तसे नाही हो. याच संशोधनातला पुढचा प्रयोग ऐका. २००६ साली मीनी आणि त्यांची सहकारी फ्रान्सिस शॅम्पेन यांनी भरपूर चाटणाऱ्या, उत्तम माद्या घेतल्या आणि त्या गाभण असताना त्यांना ताण दिला. व्याल्यानंतर त्याच माद्या आपल्या पिलांना कमी चाटू लागल्या. कमी चाटणाऱ्या माद्यांत आणि त्यांच्यात फरक राहिला नाही. आईची माया आटली नव्हती. तिची ताकद ओढून घेतली गेली होती.

जिला पोटभर अन्न नाही, जिला सातव्या महिन्यातही डोक्यावर हंडे वाहावे लागतात, जिच्यावर नवरा हात उगारतो, मुलगी झाली म्हणून जिला टोमणे खावे लागतात, तिने लेकराला हसून जवळ घ्यावे अशी अपेक्षा कोणी आणि कोणत्या तोंडाने करावी? ‘आईने मुलाला जपावे’ एवढे सांगून भागत नाही. आईला जपणारे कोण, हा खरा प्रश्न आहे. आपल्या जुन्या घरांत बाळंतिणीला सव्वा महिना विसावा देत, तेल लावून न्हाऊ घालत, बाळाला आजी मांडीवर घेऊन चोळत असे. त्यातल्या प्रत्येक चालीला शास्त्राचा आधार आहे असे मी सांगणार नाही. पण बाळंतिणीचे ओझे दुसऱ्याने उचलायचे असते, हे त्या चालीमागचे शहाणपण मात्र पक्के होते. ते ओझे आज नवऱ्याने उचलावे, सासूने उचलावे, शेजारणीने उचलावे. बापाच्या मांडीलाही ऊब असतेच की.

दुसरी नाजूक गोष्ट ही, की कमी चाटलेली पिले ‘बिघडलेली’ होती असे समजू नका. २००८ साली एका प्रयोगात आढळले की ताण चढलेला असताना हीच पिले मोठेपणी काही गोष्टी अधिक चांगल्या शिकतात आणि ध्यानात ठेवतात. जणू आईच्या वागण्यातून त्यांना निरोप मिळाला होता, “बाबा रे, बाहेरचे जग कठीण आहे, सावध राहा.” त्यांचे शरीर त्या जगासाठी तयार झाले. माझ्या वर्गातला तो मुलगा दचकायचा तो दुबळा होता म्हणून नव्हे. ज्या घरात दार वाजले की मार बसायचा, त्या घरात दचकणे हेच शहाणपण होते. फक्त ते शहाणपण वर्गात येऊन त्याच्या आड उभे राहिले.

मग उशीर झालेल्या मुलांचे काय? याचे उत्तर रुमानिया देशातून आले आहे. तेथे १९८९ च्या डिसेंबरात चाउशेस्कू यांची राजवट कोसळली तेव्हा जगाला कळले की तेथील अनाथालयांत लाखाहून अधिक मुले खितपत पडली आहेत. खायला मिळत होते, पण जवळ घेणारे कोणी नव्हते. २००० साली अमेरिकन शास्त्रज्ञांच्या एका गटाने बुखारेस्ट शहरात अशा १३६ बालकांचा अभ्यास सुरू केला. चिठ्ठ्या टाकाव्या तशी त्यांतील निम्मी मुले पालक-कुटुंबांत ठेवली. बाकीची तेथील रिवाजाप्रमाणे संस्थेच्या देखभालीत राहिली. कुटुंबात गेलेल्यांची बुद्धी आणि भावना दोन्ही अधिक सुधारल्या. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत असे दिसले की साधारण दोन वर्षांच्या आत ज्यांना घर मिळाले, त्यांच्या शरीराचा ताणाला मिळणारा प्रतिसाद घरी वाढलेल्या मुलांसारखा झाला होता. लवकर मिळाले तर जास्त फायदा, हे खरे. पण उशिरा मिळालेल्यांचेही सगळेच वाया गेले नाही. आणि ध्यानात घ्या, ती कुटुंबे त्या मुलांची रक्ताची नव्हती.

शिक्षक बंधुभगिनींनो, आता आपल्याकडे येतो. आपल्या वर्गात चाळीस-पन्नास मुले असतात. त्यांतील कोणाचे पान कोठे चिकटले आहे हे आपल्याला दिसत नाही, आणि ते पाहण्याची शाळेत वापरता येईल अशी तपासणी आज नाही. पण दिसण्यासारखे पुष्कळ असते. कोण सारखा दचकतो, कोण डबा उघडत नाही, कोणाची झोप झालेली नसते, कोणती मुलगी एकाएकी बोलेनाशी झाली. अशा मुलाला चारचौघांत उभे करू नका. रोज तीच वेळ, तोच आवाज, तीच शिस्त त्याला मिळू द्या. आज हसणारा मास्तर उद्या छडी उगारणारा निघाला की त्याच्या मेंदूतला पंप पुन्हा सुरू होतो. छडीचा तर विचारच सोडा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानेही तिला मनाई केली आहे. त्याच्याशी आठवड्यातून एकदा तरी, अभ्यासाचे सोडून, दोन वाक्ये बोला. एका शिक्षकाच्या दोन वाक्यांनी जनुक बदलते असा दावा मी करणार नाही. पण ज्या मुलाला घरी एकही निर्धास्त जागा नाही त्याला शाळेत एक मिळावी, एवढे आपल्या हातात आहे.

जेथे दुःख याच्याही पलीकडे गेले आहे, झोप उडाली आहे, जीव नकोसा झाल्याचे बोलणे येऊ लागले आहे, तेथे देवऋषी करीत बसू नका. मनाचा आजार हा आजारच आहे आणि त्यावर उपचार आहेत. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘टेलि-मानस’ नावाची दूरध्वनी सेवा सुरू केली आहे. तिचा क्रमांक १४४१६, एक चार चार एक सहा. ती विनामूल्य आहे, चोवीस तास चालू असते, आणि तेथे मराठीत बोलता येते. शाळेच्या फळ्यावर एका कोपऱ्यात हा क्रमांक लिहून ठेवलात तरी मोठे काम होईल.

त्या मुलाचे पुढे काय झाले, असे आपण मनात विचारत असाल. त्याने दुसऱ्या वर्षी कॉलेज सोडले. आज कोठे आहे मला ठाऊक नाही. तो येत होता तोपर्यंत मी त्याला एकदाही बाजूला बोलावून विचारले नाही, की बाबा रे, घरी कसे आहे? माझ्यापाशी म्हण तयार होती, म्हणून प्रश्न विचारायची गरज वाटली नाही.

खाण तशी माती, हे खाणीपुरते खरे असेल. शेतकऱ्याला मात्र ठाऊक असते की खडकाळ रानातही गाळ टाकला, बांध घातला, चार पावसाळे राबले की माती बदलते. आपली मुले खाणीत निघत नाहीत. ती रानात वाढतात. त्या रानाची मशागत आपण सर्वांनी मिळून करायची आहे.